गेमिंगचा छोटा कीबोर्ड सारखा ‘बिघडतो’? नवा घेण्याआधी कुठे बघायचं

तक्रार ठरलेली असते. छोटा, खालून रंगीत लाइट लागणारा कीबोर्ड हौसेने घेतला. काही महिने मजेत गेले. मग ऐन मॅचमध्ये एखादं बटण लागेना, किंवा एकच अक्षर दोनदा उमटायला लागलं, किंवा अर्धे दिवे गेले. पोरगं बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन किंवा ऑनलाइन सेल बघून त्याच भावाचा, त्याच जातीचा दुसरा कीबोर्ड आणतं, आणि पुन्हा तेच रामायण सुरू.

यातले बरेचसे कीबोर्ड बिघडलेले नसतातच. काहींत विंडोजची एखादी सेटिंग आडवी आलेली असते, काहींत केबलचा घोळ असतो, आणि उरलेले मुळात दिवे बघून घेतलेले असतात. त्या दिव्यांखाली काय आहे ते कुणी विचारलेलंच नसतं. तक्रार नेमकी कोणती हे ओळखलं, की दुरुस्ती करायची की नवा घ्यायचा आणि नवा घ्यायचा तर कसला, हे त्यातूनच कळतं. म्हणून आधी रोग, मग खरेदी.

दिवे लागतात, टाइप होत नाही

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार. हल्ली बहुतेक छोट्या कीबोर्डांची केबल सुटी असते, टाइप-सीची. घरातली कुठलीही केबल उचलून लावली जाते आणि ती नेमकी नुसती चार्जिंगची निघते. तिच्यात वीज नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात. त्यामुळे दिवे दिमाखात चमकतात, पण संगणकाला कीबोर्ड लागलाय याचा पत्ताच नसतो. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो संगणकावर उतरतात, ती लावून बघा. प्रश्न तिथेच संपला तर बरं.

याच्या उलटही होतं. लॅपटॉपला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली, तर कीबोर्ड पूर्ण मेलेला, साधा दिवासुद्धा नाही. टाइप-सी पोर्टने वीज सोडावी यासाठी कीबोर्डाच्या सर्किटमध्ये दोन छोटे रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त कीबोर्डांत तेवढीही काटकसर केलेली असते. एका टोकाला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावली की तोच कीबोर्ड जिवंत होतो.

कीबोर्ड मधेच सुटतो आणि विंडोजचा तो ‘टुंग’ आवाज येतो, असं असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टातून काढून मागे, थेट मदरबोर्डाच्या पोर्टात लावा. हब वापरत असाल तर तो बाजूला ठेवा. यूएसबी २.० च्या पोर्टाला नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर द्यायचे असतात. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर माउस, हेडफोन, वेबकॅम आणि कीबोर्ड असा सगळा संसार मांडला, तर तेवढ्यातच सगळ्यांना भागवावं लागतं. पांढरा रंग पूर्ण ब्राइटनेसवर ठेवला की दिवे सगळ्यात जास्त करंट खातात, कारण प्रत्येक बटणाखालचा लाल, हिरवा आणि निळा असे तिन्ही दिवे एकदम पेटलेले असतात. ब्राइटनेस अर्ध्यावर आणा. सुटणं थांबलं तर दोष करंटचा, कीबोर्डाचा नाही. तरीही थांबत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची जी परवानगी विंडोजला दिलेली असते, ती खूण काढून टाका.

कुणीतरी चुकून काहीतरी दाबलंय

छोट्या कीबोर्डावर बटणं कमी आणि कामं तेवढीच, म्हणून एफएन बटणाच्या जोडीने प्रत्येक बटणाला दुसरं काम दिलेलं असतं. गेम खेळताना बोटं कुठेही पडतात आणि भलताच मोड चालू होतो. डब्ल्यू-ए-एस-डी, म्हणजे गेममध्ये चालायची चार बटणं, दाबल्यावर अक्षरांऐवजी बाण हलत असतील, तर पुष्कळ मॉडेलांत एफएन आणि डब्ल्यू पुन्हा एकदा एकत्र दाबलं की गाडी रुळावर येते. विंडोजचं बटण मेल्यासारखं वाटत असेल तर गेम मोडचं कुलूप लागलेलं असतं, आणि ते बहुधा एफएन अधिक विंडोजने उघडतं. ऑल्ट आणि विंडोज यांची अदलाबदल झाली असेल तर कीबोर्ड मॅक मोडमध्ये गेलाय. काही मॉडेलांना त्यासाठी कडेला किंवा खाली खटका असतो, काहींना बटणांची जोडी. सगळंच बिनसलं असेल तर रीसेट करायची जोडी वापरा. ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते आणि खोक्यातल्या चिटोऱ्यावर छापलेली असते. ते चिटोरं नेहमी हरवतं, तेव्हा खोकं उघडल्या उघडल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

विंडोजचेही दोन उद्योग यात मोडतात. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं की स्टिकी कीजची खिडकी उघडते, आणि गेममध्ये शिफ्ट पाच वेळा दाबणं म्हणजे काहीच नाही. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की फिल्टर कीज चालू होण्याची वेळ येते, आणि समोर आलेल्या खिडकीला न वाचता ‘येस’ केलं, की बटण जरा वेळ दाबून धरल्याशिवाय विंडोज ते मोजतच नाही. मग कीबोर्ड ‘स्लो’ झाला म्हणून बोंब. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात कीबोर्ड, आणि या दोन्हींचे शॉर्टकट कायमचे बंद. गेम खेळणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

चॅटमध्ये नुसत्या मात्रा उमटतात

हा आपल्याकडचा खास आजार, आणि यूट्यूबवरच्या परदेशी व्हिडिओंत त्यावर औषध सापडत नाही. घरच्या संगणकावर इंग्रजीबरोबर मराठी कीबोर्डही टाकलेला असतो. कुणाला आजोबांच्या सोसायटीची नोटीस टाइप करायची असते, कुणी राज्य परीक्षा परिषदेच्या जीसीसी-टीबीसी या टायपिंगच्या परीक्षेसाठी मराठीचा सराव करत असतं. विंडोजमध्ये दोन भाषा असल्या की डावं ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबल्यावर भाषा बदलते. काही संगणकांवर कंट्रोल आणि शिफ्टलाही लेआउट बदलायचं काम दिलेलं असतं.

आता शूटिंगच्या गेममधली बोटं आठवा. करंगळी शिफ्टवर किंवा कंट्रोलवर, अंगठा स्पेसवर नाहीतर ऑल्टवर. पळता पळता भाषा बदलते आणि खेळणाऱ्याला कळतही नाही. पुष्कळसे गेम बटणाची जागा वाचतात, त्यांना फरक पडत नाही. पण जे उमटणारं अक्षर वाचतात, त्यांत माणूस जागच्या जागी खिळतो. चॅटची खिडकी उघडून डब्ल्यू-ए-एस-डी दाबा. इनस्क्रिप्ट हा मराठी लेआउट चालू असेल तर ै ो े ् असा नुसता मात्रांचा आणि हलन्ताचा ढीग दिसेल. कीबोर्ड एकदम ठणठणीत आहे.

उपाय: सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, इनपुट लँग्वेज हॉट कीज. तिथे चेंज की सिक्वेन्समध्ये जाऊन दोन्ही रकान्यांत ‘नॉट असाइन्ड’ करा. भाषा बदलायला विंडोज अधिक स्पेस उरतंच, आणि गेमच्या वेळी विंडोजच्या बटणाला कुलूप घातलं की तेही लागत नाही. त्याच पानावर प्रत्येक खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवायची खूण आहे, ती केली की वर्डमध्ये मराठी आणि गेममध्ये इंग्रजी असं निवांत नांदतं.

‘दादा, शिफ्ट धरून पळताना उजवीकडे वळतच नाही’

कर्वेनगरच्या एका कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोराची ही तक्रार, शब्दशः. त्याने कीबोर्ड बदलून आणला होता, दुसऱ्यातही तेच. त्याला म्हटलं, नोटपॅड उघड, दोन्ही बाजूंची शिफ्ट दाबून धर आणि तशीच ठेवून ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर टाइप कर. सव्वीसातली काही अक्षरं उमटलीच नाहीत. शिफ्ट सोडून टाइप केल्यावर सगळी आली. म्हणजे बटणं चांगली होती, एकत्र दाबली की गिळली जात होती. तुम्हीही हे आत्ता करून बघा. मग तुमच्या गेममध्ये जी जोडी अडते ती दाबून धरा, म्हणजे शिफ्ट, डब्ल्यू, डी आणि वर स्पेस, किंवा कंट्रोल, ए आणि आर. विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडून ठेवलात, तर कोणती बटणं पोचली ते पडद्यावर उजळून दिसतं.

असं का होतं? कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते. आडव्या आणि उभ्या तारांची जाळी असते आणि जिथे दोन तारा छेदतात तिथे बटण. कंट्रोलर एकेका तारेवर करंट सोडून बघतो की तो कुठून बाहेर पडतोय. एका चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली, की करंट उलटा फिरून चौथ्या कोपऱ्यातूनही बाहेर पडतो आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं. हे झालं घोस्टिंग. कंट्रोलरला ही फसवणूक माहीत असते, म्हणून तो संशय आला की तिसरं बटण मोजतच नाही. पोराचं ‘उजवीकडे वळत नाही’ ते हे.

यावरचा उपाय जुनाच आहे. प्रत्येक बटणाशेजारी एक डायोड बसवायचा. डायोड म्हणजे लक्ष्मी रस्त्यावरची एकेरी वाहतूक, फक्त इथे राँग साइडने कुणालाच येता येत नाही. मेकॅनिकल, म्हणजे प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असलेल्या कीबोर्डाच्या सर्किट बोर्डावर ते सहज बसतात. मेंब्रेन कीबोर्डात सर्किट प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यांवर छापलेलं असतं, तिथे डायोड बसवणं परवडत नाही. म्हणून कंपन्या एवढंच करतात, की गेममध्ये नेहमी लागणारी बटणं जाळीत अशी पांगवायची की ती एकमेकांना आडवी येऊ नयेत. खोक्यावर ‘१९ कीज अँटी-घोस्टिंग’ किंवा ‘२५ कीज अँटी-घोस्टिंग’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हा. बाकीच्या बटणांबद्दल कंपनीने मौन पाळलंय.

अजून एक गोम आहे. डायोड असलेल्या चांगल्या कीबोर्डातही ‘६-की रोलओव्हर’ आणि ‘एन-की रोलओव्हर’ असे दोन प्रकार दिसतात. यूएसबीच्या साध्या, बायोसलाही (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या प्रोग्रॅमलाही) समजणाऱ्या पद्धतीत कीबोर्ड दर वेळी ८ बाइटचा निरोप पाठवतो. १ बाइट शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट, विंडोज यांच्यासाठी, १ राखीव, आणि ६ बाकीच्या बटणांसाठी. म्हणजे शिफ्ट-कंट्रोल वगळून सहा बटणं एकदम चालतात. डाव्या हाताला बोटं पाचच, त्यामुळे एकट्याने खेळायला हे पुरून उरतं. दोघे जण एकाच कीबोर्डावर फायटिंगचा गेम खेळत असाल, तर मात्र एन-की, म्हणजे कितीही बटणं एकदम मोजणारा बघा. काही एन-कीवाले कीबोर्ड बायोसमध्ये ओळखले जात नाहीत, तेव्हा ते ६-कीवर आणायची जोडी त्या मघाच्या चिटोऱ्यावर शोधावी लागते.

तेव्हा ही तक्रार असेल तर दुरुस्ती नाही. तसाच दुसरा मेंब्रेन आणलात तर तेच होणार. आणि ऑनलाइन दुकानांतल्या ‘मेकॅनिकल फील’ किंवा ‘सेमी-मेकॅनिकल’ या शब्दांना भुलू नका. तो मेंब्रेनच असतो, आवाज तेवढा खटखट करतो.

एक अक्षर दोनदा उमटतं

मेकॅनिकल कीबोर्डाचा म्हातारपणाचा आजार, कधी कधी तरुणपणीच होणारा. स्विचच्या आत धातूच्या दोन पात्या असतात. त्या एकमेकींना टेकताना क्षणभर थरथरतात, म्हणून कंट्रोलर काही मिलिसेकंद थांबून मगच बटण मोजतो. पात्यांवर धूळ बसली किंवा त्या ऑक्सिडाइझ झाल्या की थरथर त्या वेळाच्या पुढे जाते, आणि एका दाबात दोन अक्षरं येतात. जिकडे तिकडे बांधकामं, खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ, आणि वर चार महिने पावसाळी दमट हवा. पुण्यात हे लवकर झालं तर नवल नाही.

कीबोर्ड हॉट-स्वॅप असेल, म्हणजे स्विच सोल्डर न करता नुसते खोचलेले असतील, तर निदान दोन मिनिटांचं आहे. समजा ‘के’ दोनदा उमटतोय. केबल काढा. तारेच्या चिमट्याने ‘के’ची आणि कधीच न लागणाऱ्या एखाद्या बटणाची, म्हणजे समजा उजव्या ऑल्टची, कीकॅप, म्हणजे वरची टोपी काढा. मग दुसऱ्या चिमट्याने स्विचची वरची आणि खालची खीळ दाबून दोन्ही स्विच सरळ वर ओढा आणि अदलाबदल करा. बसवण्याआधी स्विच उलटा करून तांब्याच्या दोन बारीक पिना बघा. त्या सरळ हव्यात. वाकलेल्या असतील तर नखाने नाहीतर चिमट्याने हलक्या हाताने सरळ करा, कारण तशाच दाबल्या तर त्या स्विचखाली दुमडतात आणि नवा स्विच ‘डेड’ वाटतो. स्विच बदलल्यावर चालेनासं झालेलं बटण दहातल्या नऊ वेळा या पिनेपायीच असतं. बसवताना बोर्ड हवेत धरू नका, खालून टेकू हवा, नाहीतर खालचं सॉकेटच उखडतं.

आता टाइप करा. ‘के’ सुधारला तर दोष स्विचचा होता, आणि तो स्विच आता बिनकामाच्या जागी गेलेला आहे. ‘के’ तरीही दोनदा येत असेल तर दोष बोर्डात. तेव्हा कीबोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिबाउन्सचा, म्हणजे बटण मोजण्याआधी थांबायचा वेळ वाढवता येतो का ते बघा. तो थोडा वाढवल्याने खेळण्यात फरक जाणवत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

स्विच सोल्डर केलेले असतील तर आधी ब्लोअरने किंवा ब्रशने धूळ काढा. मग केबल काढून, स्विचचा दांडा दाबून धरून आत आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब सोडा, बटण भराभर पाच-पन्नास वेळा दाबा, आणि पूर्ण वाळल्यावरच केबल लावा. तापकीर गल्लीत सोल्डरिंगचं सामान मिळतं तिथेच हे मिळतं. डब्ल्यूडी-४० मारायला कुणी सांगेल, त्याचं ऐकू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि धूळ आणखी चिकटते. चहा सांडला असेल तर गोष्ट वेगळी. ताबडतोब केबल काढून कीबोर्ड पालथा घाला, कारण खरं नुकसान साखर करते. साखर आत वाळली की स्विच बदलण्याशिवाय इलाज नाही.

बोटाचा नुसता स्पर्श झाला तरी बटण लागतं, ही तक्रार मात्र वेगळी. तुम्ही ‘स्पीड’ जातीचे स्विच घेतलेत. चेरी या कंपनीचा नेहमीचा लाल स्विच ४ मिलिमीटर खाली जातो आणि २ मिलिमीटरवर लागतो. त्यांचाच स्पीड सिल्व्हर १.२ मिलिमीटरवर लागतो. जाहिरातीत हा गुण असतो, निबंध टाइप करताना अवगुण.

दिवे

यावर फार लिहिण्यासारखं नाही. एकच दिवा गेला तर तो दिवा गेला. पूर्ण उभी किंवा आडवी ओळ गेली, किंवा एका ओळीतला फक्त लाल रंग गेला, तर दोष त्या ओळीच्या जोडणीत किंवा ड्रायव्हरमध्ये, आणि ते घरी होत नाही. सगळेच गेले असतील तर आधी ब्राइटनेस शून्यावर गेलाय का बघा. काही स्वस्त कीबोर्डांचे दिवे स्क्रोल लॉकवर चालू-बंद होतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिवे फडफडताना दिसतात तो बिघाड नाही, ब्राइटनेस कमी करायला ते भराभर चालू-बंद केलेले असतात. रंग बदलता येत नाही अशी तक्रार असेल तर कीबोर्ड ‘रेनबो’ आहे, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांनी ठरलेल्या रंगांचे दिवे आहेत. ते आरजीबी, म्हणजे हवा तो रंग दाखवणारे नव्हेत, मग खोक्यावर इंद्रधनुष्य कितीही मोठं छापलेलं असो.

गुरुवारी महावितरणने दुरुस्तीसाठी वीज बंद केली, संध्याकाळी आली, आणि दिव्यांची केलेली सजावट पुसली गेली, असं होत असेल तर ती सजावट कीबोर्डात नव्हतीच, संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. ते सॉफ्टवेअर चालू झालं की ती परत येते. नको असेल तर पुढच्या वेळी ऑनबोर्ड मेमरी असलेला घ्या.

मराठी अक्षरांची स्टिकरं लावायची असतील तर जाड, अपारदर्शक स्टिकरं आणू नका, खालचा प्रकाश अडतो आणि दिवे असून अंधार. तीच गोष्ट हौसेने बदललेल्या कीकॅपची. छपाई करून अक्षरं उमटवलेल्या पीबीटी प्लास्टिकच्या कीकॅपमधून प्रकाश येत नाही. अक्षरातून प्रकाश हवा असेल तर ‘शाइन-थ्रू’ मागा.

आता नवा घ्यायचाच असेल तर

आकाराने सुरुवात करा, कारण छोट्या कीबोर्डाबद्दलची निम्मी कुरकुर तिथून येते. पूर्ण कीबोर्डावर १०४ बटणं. आकड्यांचा भाग कापला की ८७, त्याला टीकेएल म्हणतात. ‘६५ टक्के’वाल्यावर साधारण ६८, त्यात बाण असतात पण वरची एफ-१ ते एफ-१२ ची ओळ नसते. ‘६० टक्के’वाल्यावर ६१, त्यात बाणही नाहीत. ६० टक्क्यांवर डिलीट, एफ-२ सगळं एफएनच्या पोटात, त्यामुळे बायोसमध्ये शिरताना कसरत होते. काउंटर-स्ट्राइकचा कन्सोल ज्या बटणाने उघडतो ते एस्केपच्या जागी गिळलेलं असतं. माझ्या मते फक्त गेमसाठी, फक्त तुमच्याच टेबलावर असेल तर ६० टक्के ठीक. कॉलेजचं कामही त्यावर होणार असेल तर बाणांसाठी ६५ घ्या, बोटभर जागा जास्त जाते एवढंच. आणि त्याच संगणकावर बाबा टॅली करत असतील तर छोटा कीबोर्ड घेऊच नका, किंवा त्यांच्यासाठी आकड्यांचं वेगळं पॅड घ्या. नाहीतर तो कीबोर्ड पहिल्या महिनाअखेरीला माळ्यावर जाईल.

बिनतारी हवा असेल तर ब्लूटूथवर नाही, २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर खेळा. डोंगल यूएसबी ३.० पोर्टाच्या किंवा हार्ड डिस्कच्या अगदी शेजारी लावलं की बटणं गळतात, कारण यूएसबी ३.० चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो. एका छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल टेबलावर आणा. काही वेळ हात न लावल्यावर पहिलं बटण हुकतं ते बॅटरी वाचवायला झोपल्यामुळे.

पोलिंग रेटचा फार बाऊ करू नका. १००० हर्ट्झ म्हणजे दर १ मिलिसेकंदाला निरोप, जुन्या १२५ हर्ट्झमध्ये तो दर ८ मिलिसेकंदांनी जातो. इथपर्यंतचा फरक मान्य. ८००० हर्ट्झसाठी जास्त पैसे मोजण्याआधी इंटरनेटचं पिंग किती येतं ते बघा.

हल्ली मॅग्नेटिक, म्हणजे हॉल इफेक्टवाले कीबोर्ड गाजतायत. त्यात धातूच्या पात्या नसतात, चुंबक किती जवळ आला हे सेन्सर मोजतो, त्यामुळे दोनदा उमटण्याचं ते दुखणं मुळातच जातं. बटण किती खोल दाबल्यावर लागावं तेही ठरवता येतं. पैसे जास्त जातात, कधीमधी कॅलिब्रेशन करावं लागतं, आणि साधे मेकॅनिकल स्विच त्यात बहुधा बसत नाहीत. स्पर्धात्मक खेळत असाल तर विचार करा, पण उलटसुलट दोन दिशा आपोआप सांभाळून घेणारी ‘स्नॅप टॅप’सारखी सोय काउंटर-स्ट्राइक २ मध्ये बंद ठेवा. तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ऑगस्ट २०२४ पासून आपल्या अधिकृत सर्व्हरवर ती चालवून घेणं थांबवलंय, ती चालू सापडली तर मॅचमधून बाहेर काढतात.

बाकी सगळ्यांसाठी साधा, हॉट-स्वॅप मेकॅनिकल पुरे. रूममेट असेल किंवा भिंतीपलीकडे झोपमोड न खपणारे काका असतील तर निळे, टिकटिक करणारे स्विच नकोत. रात्री दोन वाजता तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. लाल घ्या. हॉट-स्वॅप म्हटलं तरी सॉकेट कोणतं ते विचारा. काही स्वस्त बोर्डांची सॉकेटं बारीक पिनांचे औटेमू जातीचेच स्विच घेतात, तिथे दुसऱ्या कंपनीचे घुसत नाहीत. तीन पिनांचं सॉकेट असेल आणि पाच पिनांचा स्विच हाती आला, तर प्लास्टिकचे दोन जादा पाय नेलकटरने कापले की तो बसतो.

दुकानातून घेत असाल तर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी समोर असणारच, तेव्हा बिल होण्याआधी त्यांच्याच संगणकाला लावून मघाची दोन शिफ्टची चाचणी करा. दुकानदार वैतागेल, वैतागू दे. प्रत्येक बटण एकदा दाबा, स्पेस बार दोन्ही टोकांना दाबून बघा, एका बाजूला अडकत असेल तर खालची तार नीट बसलेली नाही. दिवे पांढरे करून एखादी ओळ पिवळट किंवा निळसर दिसते का बघा. आणि खोक्यात स्विच काढायचा चिमटा आणि दोन-चार जादा स्विच आहेत का ते उघडून बघा, नसतील तर त्याच पैशात मागून घ्या.